जाण्यापूर्वी घरात काय बोलून घ्यावे: डिचोलीच्या एका प्रश्नाला उत्तर

आपण लिहिले आहे की पोर्तुगीज पासपोर्ट हाती आला आहे, डब्लिनला आधी एकट्याने जायचे आहे आणि पत्नी व तिसरीत शिकणारी मुलगी वर्षभर गोव्यात डिचोलीलाच आई-वडिलांजवळ राहतील. या काळात घरच्यांशी नाते कसे टिकवावे, असा आपला प्रश्न आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्यापूर्वी, म्हणजे पोर्तुगीज पासपोर्टवर इथेही येऊन काम करता येत होते तेव्हा, मी अशाच पद्धतीने इंग्लंडमधील स्विंडनला आलो. नोकरी, घरभाडे, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड यांची माहिती आपल्याला अधिकृत ठिकाणी मिळेल, म्हणून त्यात मी शिरत नाही.

कागदपत्रांबद्दल एवढेच सांगतो की ती माणसांमधले बोलणे खातात. आमच्या आजोबांचे आडनाव पोर्तुगीज काळातील जन्मनोंदीत शेवटी ‘क्यू-यू-ई’ लावून लिहिलेले, तर वडिलांच्या दाखल्यात नुसते ‘के’. त्या एका अक्षरापायी प्रतिज्ञापत्रे, पुन्हा भाषांतर, पुन्हा शिक्के, आणि पासपोर्टसाठी लागणारी आई-वडिलांच्या विवाहाची लिस्बनमधील नोंद तोवर अडकलेली. धावपळ सगळी भावाने केली. त्या काळात आम्ही दोघे रोज बोलत होतो, पण बोलत होतो ते झेरॉक्स आणि नोटरीविषयी; काम संपले आणि एकमेकांना फोन करायला कारणच उरले नाही. आपली कागदपत्रे ज्याने केली असतील, त्याच्याशी निघण्यापूर्वी एकदा दुसरे काहीतरी बोला.

आता रोजच्या फोनविषयी. आयर्लंड आणि भारत यांच्या घड्याळात हिवाळ्यात साडेपाच तासांचे आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. दुपारी दोन ते रात्री दहाची पाळी मिळाली, तर आपण सुटाल तेव्हा डिचोलीत हिवाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि उन्हाळ्यात रात्रीचे अडीच वाजलेले असतील. सकाळी सहाची पाळी मिळाली, तर दोन वाजता सुटल्यावर घरी दिवेलागणीची किंवा त्यानंतरची वेळ असेल, मुलगी जागी असेल. पहाटे उठण्याचा त्रास होतो, पगारातही थोडा फरक पडू शकतो, तरी शक्य असल्यास तीच पाळी मागून घ्या.

त्याहून अवघड प्रश्न फोन कुठे घेतला जातो हा आहे. आमच्याकडे तो सोप्यावर, सगळ्यांच्या मध्ये, स्पीकर लावून घेतला जाई. बाबा पगाराचे विचारीत, आई जेवणाचे विचारी, मोबाइल कलंडला की मला तिचे कपाळ आणि वरचा पंखा दिसे, आणि शेवटी उरलेल्या दोन मिनिटांत सासू-सासऱ्यांच्या देखत माझी पत्नी म्हणे, ‘सगळे बरे आहे.’ तिने याहून वेगळे काय म्हणावे? चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवशी तर फोन हातोहात फिरतो, गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची माटोळी दाखवली जाते, प्रत्येक जण हात हलवतो आणि कोणीच कोणाशी बोलत नाही. पत्नीसाठी वेगळी वेळ आणि वेगळा फोन ठेवा, आणि तो का वेगळा आहे हे आईला आपणच सांगा. ते काम पत्नीवर सोडू नका.

एकटेपणाबद्दल आपण विचारले आहे. तो असतो. पहिला हिवाळा वाईट जातो, दुसऱ्यापर्यंत माणसे भेटतात. मला त्याचा तितका त्रास झाला नाही.

त्रास झाला तो लपवाछपवीचा. बाबांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, ते रुग्णालयातून घरी आले, पथ्याचे जेवण सुरू झाले, आणि मला हे कळले ते वाड्यावरच्या व्हॉट्सॲप गटात कोणीतरी ‘आता प्रकृती कशी आहे?’ असे विचारल्यावर. मधल्या दिवसांत आईशी बोलणे चालूच होते. पावसाची, फणसाची हकीकत ती सांगत होती. भावाला जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, ‘तू तिथून काय करणार होतास?’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि बहुधा म्हणूनच ते मला अजून सोसत नाही. शिवाय माझी नोकरी गेली होती तेव्हा मीही घरी चकार शब्द काढला नव्हता, म्हणजे दोन्हीकडून एकमेकांना जपण्याच्या नावाखाली आम्ही एकमेकांना परके करीत होतो. त्या दिवसानंतर आई ‘बरे आहे’ म्हणाली की मी मनातल्या मनात तिची उलटतपासणी घेतो. ही सवय काही केल्या जात नाही. म्हणून निघण्यापूर्वी पत्नी, आई-वडील आणि भावंडे यांना समोर बसवून, कोणती गोष्ट त्याच दिवशी कळवायचीच, हे ठरवून घ्या. आजारपण, कर्ज, जमिनीचा व्यवहार आणि मुलीच्या शाळेतून आलेली तक्रार या चार तरी त्यात हव्यात.

मुलीला कधी न्यावे, याचे उत्तर मी तटस्थपणे देऊ शकत नाही. आमचा मुलगा घरी कोंकणी आणि मराठी बालवाडीतली थोडी अक्षरे घेऊन इथे आला. त्याच्या शिक्षिकेने आम्हाला बोलावून, अगदी गोड शब्दांत, घरी शक्यतो इंग्रजीच बोला म्हणून सांगितले, आणि बाईंना सगळे कळत असणार असे समजून आम्ही मान डोलावली. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. आज त्याची आजी त्याला वाढदिवसाला मराठीत चार ओळी पाठवते आणि तो त्या फोनकडून वाचून घेतो; अर्थ त्याला कळतो, पण उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र जाते. आपली मुलगी मराठी प्राथमिक शाळेत आहे, पुढच्या वर्षी चौथीत जाईल. तोवर ती आजीला स्वतःच्या हाताने पत्र लिहू लागेल, म्हणून चौथी तिथेच पुरी होऊ द्यावी, वर्षाचे दीड वर्ष झाले तरी चालेल, असे मला वाटते. आपल्या पत्नीला हे कदाचित मुळीच पटणार नाही, कारण ते जादा सहा महिने तिला एकटीला काढायचे आहेत. तेव्हा हे उत्तर तिला वाचायला द्या आणि तारीख तिलाच ठरवू द्या.