जुन्या लॅपटॉपवर लिनक्स कर्नल

प्रश्न : माझ्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आहे. चालू कर्नलचीच (सिस्टिमच्या गाभ्याची) कॉन्फिग फाइल, म्हणजे त्यात काय काय घ्यायचं त्याची यादी, घेऊन नवा कर्नल कंपाइल करायला (सोर्स कोडपासून बनवायला) लावला, तर रात्रभर चालून डिस्क भरली आणि सगळं थांबलं. काय करू?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : जिद्द सोडू नका, लॅपटॉप पुरेसा आहे. डेबियनची कॉन्फिग झाडून सगळ्या हार्डवेअरसाठी असते, म्हणून हजारो मॉड्यूल (कर्नलचे सुटे भाग, उदाहरणार्थ ड्रायव्हर) तयार होत बसतात. आधी 'मेक क्लीन' (make clean) करून जागा मोकळी करा, मग 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' (make localmodconfig) ही आज्ञा चालवा. त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल ही आज्ञा ठेवते. म्हणून त्याआधी वायफाय, ब्लूटूथ चालू करा, वेबकॅम, पेन ड्राइव्ह, जे जे लागतं ते जोडा. पेन ड्राइव्ह जोडायचा राहिला, तर नव्या कर्नलमध्ये तो दिसणारच नाही. नवे पर्याय विचारले तर एंटर दाबत जा.

डिस्क खाते ती डिबगची (चुका शोधण्यासाठीची) माहिती. 'मेक मेन्यूकॉन्फिग'मध्ये (make menuconfig) 'कर्नल हॅकिंग'खाली ती बंद करा. एवढ्यानं केवढा फरक पडतो, बघाच!

मग 'मेक -जे२ बिनडेब-पीकेजी' (make -j2 bindeb-pkg) चालवा. 'जे'पुढचा आकडा म्हणजे एका वेळी चालणारी कामं. रॅम कमी आहे, दोनाच्या वर जाऊ नका. यातून डेब पॅकेज (डेबियनची इन्स्टॉल करायची फाइल) मिळतं. ते नेहमीसारखं बसवता येतं, काढताही येतं. सिक्युअर बूट (फक्त डिजिटल सही असलेलंच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला कर्नल सुरू होणार नाही, ते बायॉसमध्ये तपासा. जुना कर्नल मात्र अजिबात काढू नका. अडलात तर ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेन्यूतून त्यातच परत जायचं आहे.