पगार पंचवीस हजार बाट, पण वर्षातले किती महिने?

"थायलंडला इंग्रजी शिकवायला गेलं तर महिन्याला किती शिल्लक पडेल?" जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून हा प्रश्न आता आमच्याकडे सल्ल्यासाठी वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक एम.ए., बी.एड. झालेले, पंचविशी-तिशीतले, आणि विनाअनुदानित शाळेत दहा-बारा हजारांवर राबणारे असतात. इथे दिलेली केस अमळनेर तालुक्यातल्या २७ वर्षांच्या शिक्षिकेची आहे. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

ती वडिलांबरोबर आली होती. हातात एजंटने लिहून दिलेला कागद. पगार २५,००० बाट, म्हणजे अडीच रुपयांच्या दराने ६२,५०० रुपये. "तिकडे राहणं-खाणं स्वस्त, पन्नास हजार सहज वाचतात." एजंटचं पॅकेज अडीच लाखांचं, त्यात कोर्स, कागदपत्रं, व्हिसा आणि तिकीट. पैसे गावातल्या सावकाराकडून शेकडा दोन रुपयांनी घ्यायचे आणि पाच महिन्यांत फेडून मोकळं व्हायचं, असा बेत ठरत आलेला. वडिलांची काळजी निराळी होती. "मनी पोर तठे एकली कशी राही?" एवढंच ते म्हणाले आणि पुढचं सगळं तिच्यावर सोपवून गप्प बसले.

तिचा पहिला प्रश्न मात्र कोरियाबद्दल होता. मोफत घर, विमानाचं तिकीट, वर्षाला लाखोंची बचत, असे व्हिडिओ तिने पाहिले होते. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारत-कोरिया व्यापार करारात भारतीय सहायक शिक्षकांची तरतूद आहे, पण त्या वाटेने नोकरी मिळेल असं धरून बेत आखू नये. चीनमध्येही इंग्रजी शिक्षकाच्या नोकरीसाठी पासपोर्ट कुठला हे आधी पाहतात. व्हिडिओतले बचतीचे आकडे खरे असतील, पण ते त्या पासपोर्टांचे आहेत. भारतीय शिक्षकाने थायलंड, व्हिएतनाम किंवा आखाती देशांतल्या शाळांपुरताच हिशेब मांडावा. हातात थायलंडचा प्रस्ताव होता, म्हणून आम्ही तोच उलगडला.

शाळा ईशान्य थायलंडमध्ये, खोन केन शहराजवळ. बँकॉकच्या मानाने इथे राहणं बरंच स्वस्त. एका माणसाचा महिना आम्ही असा धरला. पंखा, एसी आणि न्हाणीघर असलेली खोली ४,००० बाट. वीज-पाणी १,०००. खोलीमालक विजेचे युनिटमागे सात-आठ बाट लावतात, सरकारी दरापेक्षा जास्त, त्यामुळे भाडं ठरवताना युनिटचा दर विचारायलाच हवा. उन्हाळ्यात रात्रभर एसी चालवला तर हाच आकडा दुपटीला टेकतो. फोन आणि इंटरनेट ५००. शाळा चालत जाण्याजोगी असेल तर प्रवासाला ८०० पुरतात. मोटारसायकल भाड्याने घेतली की पेट्रोलसकट तीन हजार गेले. औषधं, कपडे धुणं, साबण-तेल १,२००. कपडे, शाळेतले समारंभ, कुणाची वर्गणी मिळून १,०००. सामाजिक सुरक्षेची पगारातली कपात साधारण ९००. मुक्काम वाढवण्याचे १,९०० बाट, वर्षाच्या वर्क परमिटचे ३,१००, सुट्टीत देशाबाहेर जाऊन परतण्यासाठी री-एंट्री परमिटचे १,०००, ही वर्षाची फी. तिच्यात कार्यालयाच्या खेपा धरून महिन्याला ६०० बाजूला काढायचे. री-एंट्री परमिट न घेता देश सोडला तर मुक्कामाची परवानगीच रद्द होते, आणि हजार बाट वाचवायला गेलेला माणूस नव्या व्हिसापासून सुरुवात करतो.

राहिलं जेवण. ते आम्ही ७,००० धरलं, आणि या आकड्यावर ती अडली. "ताट पन्नास बाटला मिळतं म्हणतात, मग एवढे कसे?" साध्या दुकानात भाताचं एक ताट ५० ते ६० बाटला मिळतं हे खरं. पण ती शाकाहारी. तिकडे भाजीतही माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस, सर्रास पडतं. पूर्ण शाकाहारी जेवण हवं तर 'जे' लिहिलेला पिवळा फलक असलेली दुकानं शोधावी लागतात आणि ती दर गल्लीत नसतात. मग शाकाहारी माणूस दोनपैकी एक करतो. मॉलमध्ये जाऊन महाग खातो, नाहीतर फळं आणि ब्रेडवर दिवस काढतो आणि तिसऱ्या महिन्यात आजारी पडतो. उपाय घरी रांधण्याचा. इंडक्शन शेगडी, लहान कुकर आणि तवा पहिल्या आठवड्यात घ्यायचा. तांदूळ, भाज्या, टोफू, शेंगदाणे, मिरच्या तिकडे मुबलक मिळतात. तूरडाळ, कणीक आणि ज्वारी महाग पडते किंवा मिळत नाही. म्हणून सामानात कपडे कमी आणि कळण्याचं पीठ, काळा मसाला, डाळ जास्त, असा सल्ला आम्ही खानदेशातल्या प्रत्येकाला देतो. भरताला वांगी तिथे मिळतात, फक्त आपल्यासारखी भाजून काढायला विस्तव नसतो.

बेरीज १७,००० बाट. पंचवीसमधून सतरा गेले, राहिले ८,०००, म्हणजे २०,००० रुपये. एजंटच्या पन्नास हजारांचे वीस झाले तशी ती जरा हिरमुसली. पण खरी गोष्ट अजून पुढेच होती.

थायलंडचं शालेय वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. मध्ये ऑक्टोबरची सुट्टी. अनेक करार, विशेषतः एजन्सीमार्फत होणारे, दहा महिन्यांचाच पगार देतात. तिच्या मसुद्यात "शैक्षणिक वर्षाच्या कालावधीसाठी" एवढाच शब्दप्रयोग होता, महिन्यांचा आकडा नव्हता. तेव्हा हिशेब वर्षावर मांडायचा. दहा महिन्यांचे २,५०,००० बाट आले. त्याच दहा महिन्यांचा खर्च १,७०,०००. सुट्टीचे दोन महिने घरी यायचं तर जाण्या-येण्याचं तिकीट साधारण ९,००० बाट, आणि बंद खोलीचं भाडं ८,०००. हाती ६३,००० बाट, म्हणजे १,५७,५०० रुपये. महिन्याच्या वीस हजारांवरून वर्षाचे २,४०,००० धरणारा इथे ऐंशी-ब्याऐंशी हजारांनी फसतो.

आयकराची भीती मात्र तिने सोडायला हरकत नव्हती. तीन लाख बाट वार्षिक पगारातसुद्धा खर्चाची एक लाखाची आणि वैयक्तिक साठ हजारांची वजावट जाऊन उरतात १,४०,०००, आणि पहिल्या दीड लाखावर तिथे कर नाही.

आता कर्ज. अडीच लाखांवर शेकडा दोन म्हणजे महिन्याला ५,००० आणि वर्षाला ६०,००० रुपये नुसतं व्याज. भांडीकुंडी आणि शाळेच्या पोशाखाचे १५,०००, खोलीच्या दोन महिन्यांच्या डिपॉझिटचे २०,००० वजा केले तर पहिल्या वर्षी घरी पाठवता येतात १,२२,५००. व्याज वळतं करून मुद्दल उतरते ६२,५००. वर्षभर परमुलखात राबून डोक्यावर पावणेदोन लाखांहून जास्त कर्ज उरतं. शिवाय पहिला पूर्ण पगार हाती पडेपर्यंत दीड महिना खायचं काय, हे त्या अडीच लाखांत नव्हतंच. हा कागद तिच्यापेक्षा तिच्या वडिलांनी जास्त वेळ पाहिला. कापसाच्या हंगामावर सावकाराचं व्याज कसं चढतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

एजंटच्या पॅकेजमधल्या वस्तू स्वतः केल्या तर किती? १२० तासांचा टेफल, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स आणि टोइक ही इंग्रजीची परीक्षा मिळून १८,००० च्या आसपास. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांतल्या शिक्षकांकडे टोइकचे किमान ६०० गुण मागण्याची तिकडे पद्धत आहे. कागदपत्रांचं साक्षांकन १५,०००, व्हिसा ८,०००, एकेरी तिकीट १८,०००. एकूण ५९,०००. म्हणजे एजंटच्या ओळखीची किंमत एक लाख एक्क्याण्णव हजार. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी, एवढंच घेता येतं, आणि नोंदणी आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं. या एजंटचं नाव तिथे नव्हतं. दहावी झालेल्याला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी परवानगी, लागत नाही, या सवलतीचा आधार घेऊन "मग नोंदणी कशाला?" असं तो सांगत होता. क्लिअरन्सची सूट उमेदवाराला आहे, एजंटला नाही.

"आधी व्हिसाशिवाय या, नंतर बदलून घेऊ" असंही त्याने सुचवलं होतं. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर वर्गात उभं राहणं हे थायलंडमध्ये बेकायदा काम ठरतं, आणि पकडलं गेलं तर दंड आणि हद्दपारी शिक्षकाच्या वाट्याला येते. जाताना नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसाच हवा. नोकरीच्या नावाखाली थायलंडमार्गे म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेल्या शेकडो भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्यामुळे शाळेचा पत्ता स्वतः शोधायचा आणि मुख्याध्यापकांशी व्हिडिओवर बोलायचं. थायलंडच्या सीमेवरच्या मे सॉटला "आधी ट्रेनिंगला या" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवायचा.

स्वतः करायचं ठरलं की पहिली अडचण पदवीची. तिच्याकडे गुणपत्रिका होत्या, पण पदवी प्रमाणपत्र तिने काढलंच नव्हतं. अशी मुलं पुष्कळ. आधी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून पदवी प्रमाणपत्र, मग मंत्रालयातून राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. त्यापुढे दूतावासाचा शिक्का लागेल की नाही, हे शाळेकडून लेखी मागवायचं. पासपोर्ट सेवेतून पोलीस क्लिअरन्स काढायचं, त्याची फी ५०० रुपये. हे फार आधी काढून ठेवू नये, कारण जुनं झालं की शाळा नवं मागते. पासपोर्ट, पदवी आणि आधारवर नाव तंतोतंत एकच हवं. तिच्या पदवीवर आडनाव आधी होतं आणि पासपोर्टवर शेवटी. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

रोख किती लागणार? वरचे ५९,०००, भांडी-पोशाखाचे १५,०००, डिपॉझिट २०,०००, पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं १०,०००, आणि पगार येईपर्यंतच्या खर्चाला ५०,०००. एकूण १,५४,०००. तिची शिल्लक ४०,००० होती. उरलेल्या १,१४,००० साठी आईच्या पोतीवर बँकेचं सोनेतारण कर्ज सुचवलं, वर्षाला दहा टक्क्यांच्या आत-बाहेर, म्हणजे व्याज सुमारे ११,०००. दहा महिन्यांच्या पगारातही हे कर्ज वर्षात फिटतं, तिचे चाळीस हजार परत येतात आणि वर पन्नासेक हजार राहतात. सोनं गहाण टाकायला आई चटकन तयार झाली. वडिलांना ते जड गेलं.

त्यानंतर कराराकडे वळलो. तिला पगार २७,००० करून मागायचा होता. आम्ही महिने मागायला सांगितलं. २७,००० च्या दराने दहा महिने म्हणजे २,७०,०००. २५,००० च्या दराने बारा महिने म्हणजे ३,००,०००. त्याबरोबर चार गोष्टी लेखी हव्यात: पगार शाळा देणार की एजन्सी, वर्क परमिट आणि मुदतवाढीची फी कोण भरणार, आठवड्याचे तास किती, आणि करार मध्येच मोडला तर किती पगार कापला जाणार. संध्याकाळच्या शिकवण्यांचं उत्पन्न हिशेबात धरू नये, कारण परमिट त्या एका शाळेचं असतं आणि बाहेरचं शिकवणं त्यात बसत नाही.

घरच्यांशी बोलणं सगळ्यात जास्त लांबलं. मुलगी परदेशात म्हटलं की भाऊबंदांत बातमी फिरते, आणि पहिल्याच महिन्यात कुणाच्या लग्नाचा, कुणाच्या बोअरवेलचा फोन जातो. पहिले तीन महिने घरी काहीही पाठवायचं नाही, हे वडिलांसमोरच ठरवलं. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एकदाच, कारण दर महिन्याला थोडे थोडे पाठवले तर बँकेचं शुल्क दर वेळी पडतं. तिकडे गेल्यावर परदेशातल्या कमाईसाठी एनआरई खातं उघडायचं, कारण त्यावरचं व्याज करमुक्त असतं, आणि जुन्या बचत खात्याचं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथलं खातं, करून घ्यायचं. सोनेतारणाचे हप्ते त्या एनआरओमधून परस्पर वळते व्हावेत, म्हणजे घरात मागायची किंवा विसरायची वेळ येत नाही.

एक प्रश्न तिने उठता उठता विचारला: इथली शिक्षक भरती हुकेल का? शिक्षक अभियोग्यता परीक्षा २०१७ नंतर २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये झाली. पुढची कधी लागेल ते आधीपासून धरता येत नाही. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन १८,००० आहे. ते तिच्या वीस हजारांच्या बचतीहून कमी दिसतं, पण तीन वर्षांनी तिथे वेतनश्रेणी लागते, आणि खोन केनच्या अनुभवाचा त्या गुणवत्ता यादीत उपयोग नाही. म्हणून करार एकेक वर्षाचाच करायचा, आणि परीक्षा जाहीर झाली तर तिकिटासाठी दहा हजार बाट हात न लावता बाजूला ठेवायचे.

शाळेने बारा महिने मान्य केले नाहीत. अकरा दिले, पण एप्रिलमध्ये तीन आठवड्यांचं उन्हाळी शिबिर घ्यायच्या अटीवर. वर्क परमिटची फी शाळा भरणार. तिने ते स्वीकारलं आणि सुट्टीत घरी यायचं तिकीट एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याचं धरलं.