शिंगांचे इंच, लीजचे डॉलर आणि बांधावरची धुसफूस

व्हाइटटेलचा, म्हणजे अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीचा, हंगाम संपला की आमच्याकडे पत्रांचा हंगाम सुरू होतो. मचाणावरचे प्रश्न त्यात थोडे असतात. बहुतेक पत्रं इंच, डॉलर आणि शेजारी यांचीच असतात. त्यातली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : नोव्हेंबरात कंपाउंड बोने (चाकांच्या धनुष्याने) दहा फाट्यांच्या शिंगांचा बक (नर हरीण) मिळाला. मित्राने शिंगं मोजून सगळ्या मापांची बेरीज, म्हणजे स्कोअर, १५८ ४/८ इंच सांगितलं आणि मी तोच आकडा सगळ्यांना कळवला. शिंगं वाळल्यावर अधिकृत मापकाने १४९ लिहून दिले. आता लोक म्हणतात, मी फुगवून सांगितलं. साडेनऊ इंच गेले कुठे? मापांचा कागद जोडला आहे. (मिशिगन)

उत्तर : कुणीच खोटं बोललेलं नाही. तुमच्या मित्राने डोक्यावर जेवढं शिंग आहे तेवढं सगळं मोजलं. अधिकृत मापकाने सममिती मोजली. मोठ्या शिकारींच्या नोंदी ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबची ही पद्धत १९५० पासून चालत आलेली आहे आणि टिपिकल (नेहमीच्या ठेवणीच्या शिंगांच्या) वर्गात दोन बाजूंमधला फरक ती वजा करते.

तुमचाच कागद बघा. मुख्य दांडी उजवीकडे २४ ४/८, डावीकडे २३ ६/८, म्हणजे ६/८ गेले. कपाळाजवळच्या पहिल्या फाट्यात ५ आणि ४ २/८, तिथे आणखी ६/८. दुसऱ्यात एक इंच, तिसऱ्यात २/८. खरा फटका चौथ्या फाट्याने दिला आहे : उजवा ६ इंच, डावा फक्त ३ ४/८, तिथे अडीच इंच एका झटक्यात गेले. दांड्यांच्या घेरांमध्ये मिळून २/८. एकूण वजावट ५ ४/८. उरले चार इंच, ते डाव्या दांडीवरच्या त्या दोन इंची वेड्यावाकड्या फाट्याचे. मित्राने ते दोन इंच मिळवले होते, टिपिकल वर्गात ते वजा होतात. म्हणून दोनाचे चार झाले. ५ ४/८ अधिक ४ म्हणजे तुमचे साडेनऊ.

पुढच्या वेळी घरी मोजताना पाव इंच रुंदीची पोलादी टेप वापरा, शिंप्याची कापडी नको, ती ताणली जाते. फाटा मोजण्याआधी दांडीची वरची कड पेन्सिलीने फाट्याच्या बुडावर आखून घ्या आणि तिथून बाहेरच्या वळणाने टोकापर्यंत जा. ही रेघ न आखता अंदाजाने सुरुवात केली की प्रत्येक फाट्यामागे पाव-अर्धा इंच फुकटचा मिळतो. एक इंचाहून आखूड उंचवटा फाटा म्हणून धरला जात नाही. घेर प्रत्येक बाजूला चारच, आणि तेही दोन फाट्यांमधल्या सर्वांत बारीक जागी. दोन दांड्यांमधली आतली रुंदी कवटीच्या मध्यरेषेला काटकोनात घ्यायची, पण लांब दांडीच्या लांबीपेक्षा जास्त रुंदीचं श्रेय मिळत नाही. सगळं आठव्या भागापर्यंत मोजायचं. अधिकृत माप मात्र शिंगं खोलीच्या तापमानात ६० दिवस वाळल्यावरच घेतात, कारण ओली शिंगं, विशेषतः रुंदीत, आकसतात. आणि गाडीत मावत नाही म्हणून कवटी मधून चिरू नका. चिरलेली कवटी नोंदीला चालत नाही.

१४९ म्हणजे धनुष्याच्या शिकारींची नोंद ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबच्या टिपिकल वर्गाच्या १२५ या किमान मर्यादेच्या बरंच वर. नोंद करा. बून अँड क्रॉकेटला १६० लागतात, आणि कायमच्या नोंदवहीसाठी १७०. मोजमापाचा कागद आणि शिंगांचा ताबा दोन्ही जपा. विस्कॉन्सिनमधल्या डॅनबरीजवळ जेम्स जॉर्डन यांनी १९१४ साली मारलेल्या २०६ १/८ इंची बकचं डोकं मढवायला दिलं, तिथून ते हातचं गेलं, आणि नोंदीत त्यांचं नाव लागायला १९७८ उजाडलं.

प्रश्न : माझी ४० एकर जागा आहे. एका बकला तीन वर्षं कॅमेऱ्यात बघत होतो, दोनदा समोर आला तरी सोडला. या वर्षी शेजाऱ्याने कुंपणाला लागून मचाण बांधलं आणि तो मारला. शेजारी वर्षातून चार दिवस बसतो. झोप उडाली आहे. काय करता येईल? (मिझुरी)

उत्तर : तुमची तळमळ आम्हाला कळते. तीन वर्षं हात आवरणं सोपं नाही. पण जागा तुमची असली तरी हरीण तुमचं नव्हतं. अमेरिकेत मोकळं वन्यजीवन जमीनमालकाचं नसतं, ते राज्याने जनतेच्या वतीने सांभाळायचं असतं. शेजाऱ्याने आपल्या जागेत, आपल्या टॅगवर (एका हरणाच्या परवान्याच्या चिठ्ठीवर), हंगामात मारलं असेल तर तक्रारीला जागाच नाही.

आकडेही बघा. प्रौढ बकचा वर्षभराचा वावर एक चौरस मैलाच्या आसपास धरतात, म्हणजे ६४० एकर. तुमचे ४० एकर त्याचा सोळावा भाग. माजाच्या दिवसांत तो त्याहूनही बाहेर भटकतो. शिवाय दीड वर्षाचे नर जन्मजागा सोडून काही मैल दूर जाऊन बसतात, त्यामुळे तुम्ही राखलेला कदाचित दुसऱ्याच्या शेतात जन्मलेला होता आणि तुमच्या शेतात जन्मलेला आज कुणीतरी तिसराच राखतो आहे.

आता रागाच्या भरात काय करू नये ते आधी. त्याच्या मचाणासमोर कुंपणालगत ट्रॅक्टर फिरवणं, कुत्रं सोडणं, हॉर्न वाजवणं हा पन्नासही राज्यांत गुन्हा आहे. तुम्हीही कुंपणाला मचाण बांधून उत्तर देऊ नका. मग दोघंही एकमेकांचा वास हरणांपर्यंत पोचवता, आणि म्हातारा बक ती पट्टी उजेडात ओलांडायचं सोडून देतो.

त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, शिंगं गळण्याच्या दिवसांत, जाऊन भेटा. रिकाम्या हाताने नको, तीन वर्षांचे कॅमेऱ्यातले फोटो घेऊन. पहिलं वाक्य अभिनंदनाचं असू द्या. मग जबड्याचं हाड मागा. खालच्या जबड्यातल्या दाढांच्या झिजेवरून वयाचा अंदाज येतो आणि दोघांना एकत्र बघायला एक वस्तू मिळते. करार इंचांवर करू नका, वयावर करा. ‘१४० च्या खाली मारायचा नाही’ असं ठरवलं की साडेतीन वर्षांचा उत्तम वाढणारा बक आधी मरतो आणि सहा वर्षांचा खुज्या शिंगांचा उरतो. ‘चार वर्षांखालचा नाही’ हे सांभाळता येतं. साडेतीन वर्षांत शिंगं त्याच्या आवाक्याच्या साधारण तीन चतुर्थांश आलेली असतात, पूर्ण भर पाच ते सात वर्षांदरम्यान येतो.

वय अंगावरून ओळखायला शिका. दीड वर्षाचा लांब पायांच्या मादीवर शिंगं चिकटवल्यासारखा दिसतो. साडेतीनचा शर्यतीच्या घोड्यासारखा, छाती भरलेली पण कंबर आवळलेली. पाचाच्या पुढचा मान आणि छाती एक झालेला, पोट लोंबणारं, पाय आखूड वाटणारा. माजात मान सगळ्यांचीच सुजते, म्हणून नोव्हेंबरच्या फोटोवर वय ठरवू नका, कंबर आणि पाय बघा.

आणखी एक गोष्ट लेखी ठेवा : जखमी हरीण कुंपण ओलांडून गेलं तर कुणाला फोन करायचा आणि हत्याराविना आत यायला परवानगी आहे का. झाडांवर जांभळा पट्टा मारला असेल तर तुमच्या राज्यात त्याचा अर्थ ‘प्रवेश बंद’ असा पाटीइतकाच पक्का असतो.

प्रश्न : यजमानांचा शिकारीचा खर्च हाताबाहेर चालला आहे. चाळीस एकरांची लीज, फोटो थेट फोनवर पाठवणारे आठ सेल्युलर कॅमेरे, हरणांच्या चाऱ्याचं बियाणं, माणसाचा वास लपवायच्या बाटल्या. त्यांची निष्ठा खोटी नाही, शनिवार-रविवार तिथेच असतात. पण हाती काही येत नाही. कुठे कात्री लावावी? (इंडियाना)

उत्तर : आधी मासिक खर्च बघा, कारण तो डोळ्याआड असतो. एका कॅमेऱ्याच्या प्लॅनचे महिन्याला १० डॉलर धरले तर आठांचे वर्षाला ९६०. लीज एकरी २५ डॉलरने असेल तर ती १,००० ची. म्हणजे कॅमेरे जवळपास दुसरी लीजच आहेत! दोन ठेवा, येण्या-जाण्याच्या वाटांवर. बाकीचे प्लॅन आजच थांबवा. वासाच्या बाटल्यांनाही निरोप द्या. वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला बसलेल्या माणसाला कुठलीच बाटली वाचवत नाही.

हाती काही न येण्याचं कारण बहुधा ती निष्ठाच आहे, म्हणजे दर शनिवारी त्याच मचाणावर बसणं. वारा कुठलाही असो, माणूस गेला की वास राहतो, आणि दोन-तीन फेऱ्यांत माद्या ती जागा ओळखतात. माद्या सरकल्या की माजावरचा नरही सरकतो. प्रत्येक मचाणासाठी कोणत्या वाऱ्याला बसायचं ते वहीत लिहा आणि वारा नसेल तर घरी थांबा. सकाळी ऊन चढताना हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. म्हणून दरीच्या तळाशी सकाळचं मचाण फसतं. सुट्ट्या ऑक्टोबरभर विखरून घेण्यापेक्षा नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सलग राखा, त्या भागात माजाचा जोर तेव्हाच असतो.

बियाणं बंद करू नका, पण आधी माती तपासून घ्या. पीएच ५.५ असेल तर खत टाकणं म्हणजे पाण्यात पैसे. क्लोव्हरला साडेसहाच्या आसपास लागतो आणि चुन्याला काम करायला काही महिने लागतात. क्लोव्हर एकरी ८ पौंड पुरतं. ते पाव इंचाहून खोल गेलं की उगवतच नाही, म्हणून जमीन दाबून वरून फेकायचं आणि पुन्हा दाबायचं. एवढा व्याप नको असेल तर सप्टेंबरात हिवाळी राय (गव्हासारखं धान्य, मोहरी नव्हे) एकरी १०० पौंड फेका. खराब जमिनीतही ती येते.

ज्यावर कधीच कात्री लावायची नाही अशी वस्तू एकच : पूर्ण अंगाचा हार्नेस आणि झाडाला जमिनीपासून वरपर्यंत बांधलेली लाइफलाइन. वीस फुटांवरून पडणं हाच या छंदातला सर्वांत मोठा धोका आहे आणि तो बसल्यावर नाही, चढता-उतरताना येतो. लाइफलाइनची गाठ पाय जमिनीवर असतानाच अडकवायची. दरवर्षी हंगामाआधी पट्ट्यांची शिवण आणि शिक्क्यावरची मुदत तुम्हीच तपासा, त्यांना सांगत बसू नका.

प्रश्न : मोठा बक मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी ‘रात्री दिवा दाखवून मारला’, ‘परवानगी नव्हती’ अशी कुजबुज सुरू झाली. काय दाखवू? (ओहायो)

उत्तर : कुजबुजीला शब्दांनी नाही, कागदांनी उत्तर द्या. जमीनमालकाची सही असलेली लेखी परवानगी (ओहायोत ती लागतेच), टॅग, नोंदणी क्रमांक, आणि हरीण जिथे पडलं तिथेच, हलवण्याआधी काढलेले वेळेसह फोटो. त्यात बाणाची जखम आणि आजूबाजूची झाडं दिसली पाहिजेत. हे सगळं एका पाकिटात. कुणी विचारलं तर दाखवा, न विचारता वाटत सुटू नका.

उलट तुम्हालाच कुणाबद्दल खरी शंका असेल तर गटात चर्चा न करता वन्यजीव अधिकाऱ्याला कळवा. तुमच्या राज्यात बेकायदा मारलेल्या मोठ्या बकची भरपाई स्कोअरवरच ठरते : एकूण स्कोअर १२५ च्या वर असेल तर त्यातून १०० वजा करायचे, त्याचा वर्ग करायचा आणि १.६५ ने गुणायचं. १८० इंचांचा असेल तर ८० चा वर्ग ६,४००, म्हणजे १०,५६० डॉलर. तेच शिंग राज्याबाहेर नेलं तर १९०० चा लेसी कायदा लागू होऊन प्रकरण फेडरल होतं. एवढी रक्कम ज्या आरोपामागे आहे तो चहाच्या कपावर करायचा नसतो.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. ऑफिसातले सहकारी बोलावतात. मला बंदूक हातात घेता येते का? (पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. मात्र अमेरिकेत दिलेला वैध शिकार परवाना तुमच्याकडे असेल तर अपवाद लागू होतो. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, तेव्हा मित्राची बंदूक ‘जरा धरून बघू’ म्हणून हातात घ्यायच्या आधी परवाना खिशात हवा. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, हा क्रम. धनुष्याला ही फेडरल मनाई लागत नाही, परवाना मात्र त्यालाही लागतो.

बंदुकीच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड दिसलं पाहिजे. पहिल्या वर्षी मादीचा टॅग घ्या, स्कोअरचं नावही काढू नका. गोळी लागल्यावर मादी कशी पळाली ते बघा आणि जागेवरून उठू नका. फुप्फुसावर लागली असेल, रक्त फेसाळ गुलाबी असेल, तर अर्ध्या तासाने मागावर निघा. रक्तात हिरवट घाण आणि पोटाचा वास असेल तर आठ ते बारा तास थांबा. घाईने मागे लागलात की ती उठून पळत राहते आणि रक्ताचा माग तिथेच संपतो.