मालागात गुडघे सांभाळून

प्रश्न : ताई, आमची मुलगी नोकरीनिमित्त स्पेनमध्ये मालागाला असते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय. तिला सुट्टी नाही, त्यामुळे तीन दिवस आमचं आम्हालाच फिरायचंय. ह्यांचे गुडघे दुखतात. शिवाय 'पन्हाळा उशाशी असताना तिकडे जाऊन परत दगडच बघायचे का?' हे पालुपद चालू आहे. ह्यांना मासे लागतात, मी माळकरी. काय बघावं, काय खावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुलाच्या घरी मालागात मी दोन हिवाळे आणि एक उन्हाळा काढलाय, तेव्हा हे सगळं पायाखालचं सांगतेय.

आधी दगडांचं. यजमानांना पहिल्याच दिवशी रोमन नाट्यगृहासमोर नेऊन बसवा. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे अर्धगोल नाट्यगृह १९५१ मध्ये बागेचं काम करताना सापडलं. तोवर त्याच्या डोक्यावर सरकारी सांस्कृतिक भवन बांधून झालं होतं, आणि ते पाडायला १९९५ उजाडलं! हे ऐकून त्यांना एकदम घरच्यासारखं वाटेल. मागेच अल्काथाबा, अकराव्या शतकातला मुस्लिम राजवटीचा गढीवजा राजवाडा. बांधणाऱ्यांनी खालच्या नाट्यगृहाचे खांब उचलून वर आपल्या नालाकार कमानींना लावले. आत शिरायची वाटही सरळ नाही, काटकोनात वळते. आपल्या गोमुखी दरवाजांमागचा हिशेबच तो, शत्रूला धावत येऊन धडक देता येऊ नये. चढ टाळायचा तर महापालिकेच्या इमारतीमागच्या रस्त्यावर लिफ्ट आहे. रविवारी दुपारी २ नंतर तिकीट लागत नाही, पण रांग लागते.

त्याच्याही वर हिब्राल्फारो किल्ला. नकाशात दोन्ही किल्ले तटबंदीने जोडलेले दिसतात, म्हणून लोकांना वाटतं की आतून जाता येईल. येत नाही. मी साध्या चपला घालून बाहेरच्या गुळगुळीत दगडी चढावरून गेले आणि पुढचे दोन दिवस तेल चोळत बसले. तुम्ही ३५ नंबरची बस पकडा. 'उतरताना चालत या, छान वाटतं' असं सगळे सांगतील, ऐकू नका. गुडघे उतारावरच बोलतात. वरून बंदर दिसतं, आणि बैलझुंजीचं गोल मैदान थेट पायाखाली.

कॅथेड्रलचं काम १५२८ मध्ये सुरू झालं आणि १७८२ मध्ये पैशांअभावी थांबलं. दुसरा मनोरा अर्धाच राहिला, म्हणून गावकरी या चर्चला लाडाने 'ला मांकीता' म्हणतात, म्हणजे थोटी. पिकासो इथलाच, १८८१ चा जन्म. दहा वर्षांचा होईपर्यंत इथे होता. चित्रांची आवड असेल तर संग्रहालय बघा, नसेल तर उगीच रांगेत उभं राहू नका. त्याच्या जन्मघरासमोरच्या चौकात बसा. त्याचे वडील कबुतरांची चित्रं काढायचे. चौकात कबुतरं अजून आहेत.

आतारासानास मंडईत मात्र सकाळीच जा. रविवारी बंद असते. तिचा मोठा दरवाजा चौदाव्या शतकातल्या जहाजांच्या कारखान्याचा. तेव्हा समुद्र इथपर्यंत यायचा, आता पाण्यापर्यंत चालत जावं लागतं.

आणि एक अख्खी दुपार पेद्रेगालेखोसाठी ठेवा. ११ नंबरची बस जाते. जुना कोळीवाडा आहे. वाळूने भरलेल्या होडीत ऑलिव्हच्या लाकडांचा विस्तव करतात आणि वेताच्या सळीला ओवलेल्या तारल्या वाळूत तिरक्या खोचून त्याच्या धगीवर भाजतात. याला म्हणतात 'एस्पेतो'. वर मिठाशिवाय काही नाही. मी मालवणची, मला हे आजाऱ्याचं जेवण वाटलं होतं. पहिली तारली खाल्ली आणि गप्प बसले. तिथे म्हणतात, ज्या महिन्यांच्या नावात 'र' नाही त्यांत तारली खावी. स्पॅनिशमधल्या मे ते ऑगस्टच्या नावांत 'र' येत नाही, आणि तारली चरबीने भरते ती याच दिवसांत. आपल्याकडे जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तिथे तेव्हा हंगाम! तुमचा मे अगदी मुहूर्तावर आहे. काटा-सुरी मागू नका. तिथल्या राजालाही, बाराव्या आल्फोन्सोला, एका कोळ्याने 'हाताने खा' म्हणून सांगितल्याची गोष्ट ऐकवतात. जेवायला दोनच्या सुमारास पोचा. चारनंतर बऱ्याच ठिकाणी चूल बंद, ती थेट रात्रीच पेटते.

आता तुमचं. तळलेल्या वांग्याच्या कापांवर उसाची काकवी ओतून देतात. हो, काकवीच! अरबांनी या किनाऱ्यावर ऊस आणला, आणि जवळच्या फ्रिखिल्याना गावात अजूनही काकवी करतात. पण एक सांगते, किनाऱ्यावरच्या दुकानांत वांगी आणि मासे एकाच तेलात तळतात. लेकीला आधी विचारून घ्यायला सांगा, नाहीतर गावातल्या शाकाहारी खाणावळीत खा. 'मिश्र सॅलड'मध्ये न विचारता टूना मासा येतो, भाज्यांत डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. 'सिन आतून, सिन हामोन', म्हणजे टूना नको, डुकराचं मांस नको, एवढं पाठच करा. बदाम-लसणाचं थंडगार पांढरं सार मिळतं, वर द्राक्षं घालून. 'आहोब्लांको' नाव. मे महिन्यात जीव निवतो.

काकवीची बाटली आणाल तर मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेवा. मी ती हातातल्या पिशवीत ठेवली आणि तपासणीत गेली. शेवटी चाखायला म्हणून मुलाने दुसरी बाटली टपालाने पाठवली, तीही आणखी घट्ट झाकण लावून.