बॉयलरचा पंखा फिरेना? लगेच कंट्रोलर बदलू नका

पोलंडमधल्या थंडीत घर गरम ठेवणारा कोळशाचा बॉयलर अडला, म्हणजे आगीला हवा देणारा त्याचा पंखा थांबला, की माणूस घाबरून नवा कंट्रोलर (पंखा चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) मागवतो. थांबा. आधी मेन प्लग काढा आणि पंख्याची पाती हाताने फिरवून बघा. राख-काजळीने जड झाली असतील तर ब्रशने साफ करा. पाती मोकळी आहेत, पण मोटर नुसतीच गुणगुणते? बहुतेक कपॅसिटर (मोटरला फिरायला मदत करणारा छोटा भाग) गेलाय; त्यावर छापलेल्याच मायक्रोफॅरडचा, म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा, नवा आणा. स्वस्तात सुटाल.

पंखा अगदीच गप्प असेल तर फ्यूज बघा, मग सेफ्टी थर्मोस्टॅट. बॉयलरमधलं पाणी साधारण 90 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की तो पंख्याची वीज तोडतो. बऱ्याच मॉडेलांत बॉयलर निवल्यावर या थर्मोस्टॅटच्या टोपीखालचं बटण हाताने दाबावं लागतं, आणि हे कोणी सांगतच नाही! उलट पंखा थांबतच नसेल, तर कंट्रोलरमधला ट्रायॅक (पंख्याची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालेला असू शकतो. तिथे मात्र इलेक्ट्रिशियनच बोलवा.