गरम पाण्याचा हिशेब : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

थंडीची चाहूल लागली की अंघोळीच्या पाण्याविषयीची पत्रे या सदराकडे येऊ लागतात. कोणते उपकरण घ्यावे, हा बहुतेक पत्रांतील प्रश्न असतो. उपकरणाचा विचार करण्यापूर्वी आपल्या घरात रोज किती लिटर गरम पाणी लागते आणि ते किती लांबून येते, हे प्रत्येकाने मोजावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खालील उत्तरांत मी त्याच क्रमाने गेलो आहे.

प्रश्न : आम्ही चौघे पुण्यात चार मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमचा २५ लिटरचा जुना गिझर गळू लागला आहे. वीज वाचावी म्हणून हीट पंप घ्यावा, सोसायटीच्या गच्चीवर सौर बंब बसवावा, की नवा गिझरच घ्यावा?

उत्तर : एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटापासून ८६० किलोकॅलरी मिळतात. हे गणित सर्व उपकरणांना सारखेच लागू आहे. हिवाळ्यात नळाचे पाणी २० अंशांचे आणि अंघोळीचे पाणी ४० अंशांचे धरले, तर प्रत्येकी २० लिटरच्या चार बादल्यांसाठी १,६०० किलोकॅलरी, म्हणजे दोन युनिटांहूनही थोडी कमी वीज पुरते. आपण बादलीने अंघोळ करत असाल, तर आपली खरी गरज एवढीच आहे. मात्र मिनिटाला आठ ते दहा लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली प्रत्येक जण दहा मिनिटे उभा राहत असेल, तर हीच गरज चार ते पाच पट होते आणि निर्णयही बदलतो.

हीट पंप म्हणजे उलट दिशेने काम करणारा वातानुकूलक समजावा. तो बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्याला देतो, त्यामुळे महाराष्ट्रातील उबदार हवेत विजेच्या एका युनिटामागे साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्यात उतरते. तंत्र म्हणून ते उत्तमच आहे. पण रोजची गरज दोन युनिटांची असेल, तर दोन तृतीयांश बचत म्हणजे दिवसाला सव्वा युनिटाच्या आसपासच होते आणि घरगुती हीट पंपाची किंमत आजही साध्या गिझरच्या कित्येक पट आहे. उपकरणाचे आयुष्य संपेपर्यंत तरी ती भरून निघेल का, याची मला शंका वाटते. म्हणून बादलीने अंघोळ करणाऱ्या चार माणसांच्या घराने हीट पंप घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. शॉवर वापरणारे सात-आठ जणांचे कुटुंब, वसतिगृह किंवा छोटे लॉज यांच्यासाठी मात्र तो अवश्य पाहावा.

सौर बंबाच्या जाहिरातींत १०० लिटरच्या संचामागे वर्षाला दीड हजार युनिटांपर्यंत बचत दाखवली जाते. तो आकडा खोटा नाही, परंतु वर्षातले सुमारे तीनशे दिवस शंभरच्या शंभर लिटर गरम पाणी वापरले जाते, असे त्यात गृहीत धरलेले असते. टाकीत तापून पडून राहिलेल्या पाण्याने काहीच बचत होत नाही. शिवाय इमारतीत दुसरी अडचण येते. पाऊण इंची नळात प्रत्येक मीटरला सुमारे पाव लिटर पाणी मावते. गच्चीपासून आपल्या न्हाणीघरापर्यंत तीस मीटर नळ असेल, तर सकाळी पहिले सात-आठ लिटर पाणी गारच येते, आणि बहुतेक घरांत ते मोरीत सोडून दिले जाते. विजेची बचत करताना रोज पाणी वाया घालवणे मला मान्य नाही. म्हणून सोसायटीने संच बसवायचे ठरवलेच, तर गरम पाण्याच्या नळांवर उष्णतारोधक आवरण असावे आणि ठरावीक वेळी नळातले पाणी टाकीकडे फिरवणारा छोटा पंप असावा, ही अट कंत्राटात लेखी घालून घ्यावी. नळ सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारे प्लास्टिक) किंवा कंपोझिट (धातू व प्लास्टिकचे थर असलेले) प्रकारचेच असावेत, कारण उन्हाळ्यात टाकीतील पाणी ८० अंशांच्या पुढे जाते आणि साधा पीव्हीसी नळ त्या तापमानाला वाकतो.

सोसायटीचा निर्णय होईपर्यंत आपण पंधरा लिटरचा, पाच तारे असलेला गिझर न्हाणीघराला लागूनच बसवावा. ६० अंशांचे पंधरा लिटर पाणी नळाच्या २० अंशांच्या पाण्यात मिसळले, की ४० अंशांचे तीस लिटर होते, म्हणजे एकाची अंघोळ होऊनही दहा लिटर उरते. पंचवीस लिटरच्या टाकीची आपल्याला गरजच नाही.

प्रश्न : गिझरवरील तारे नेमके काय सांगतात? दिवसभर गिझर चालू ठेवला तर चालतो का?

उत्तर : विजेची उष्णता करण्यात एक तारा आणि पाच तारे यांत जवळजवळ फरक नसतो. साठवणीच्या गिझरमध्ये तापलेले पाणी पडून असताना टाकीच्या भिंतीतून किती उष्णता निसटते, त्यावर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो हे तारे देते. टाकीचा आकार आणि उष्णतारोधन यांनुसार ही गळती दिवसाला अर्ध्या ते एका युनिटाच्या आसपास भरू शकते. तेव्हा अंघोळीपूर्वी पंधरा-वीस मिनिटे चालू करून नंतर बंद करणाऱ्या घरात ताऱ्यांचा लाभ थोडा, आणि दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात बराच. गिझर बंद करणेच योग्य. पाणी किती तापावे हे ठरवणारा थर्मोस्टॅट मात्र फार कमी अंशांवर ठेवू नये, कारण २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढू शकतो. ५५ ते ६० अंश ठीक आहे.

प्रश्न : नाशिकमध्ये आमच्या न्हाणीघरात गॅस गिझर आहे. तो विजेपेक्षा स्वस्त पडतो असे सांगितले जाते. ते खरे आहे का?

उत्तर : स्वस्त पडू शकतो, हे खरे आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते आणि गिझरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर जवळजवळ १४५ युनिटांइतकी पाण्यापर्यंत पोहोचते. आपल्या सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा आणि आलेला दर वीजबिलातील सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराशी ताडून पाहा. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात, आणि गिझरने वाढवलेली वीज आपल्या वरच्या टप्प्यातच मोजली जाते. म्हणून सरासरी दराशी तुलना करू नये.

परंतु आपण लिहिलेले ‘न्हाणीघरात’ हे दोन इंच अक्षरांत छापावे असे मला वाटते, इतके ते धोक्याचे आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो आणि एक किलो गॅस पूर्ण जळण्यास बारा ते तेरा घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सात फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात सगळी मिळून सव्वासहा घनमीटर हवा असते. दार-खिडकी बंद असताना दहा मिनिटांत त्यातील एक तृतीयांश हवा ज्योतीच्या कामी येते. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही; रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. डोके दुखते, गरगरते, पायांतले बळ जाते आणि कडी काढण्याचेही भान राहत नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात, आणि त्यांपैकी प्रत्येक मृत्यू टाळता आला असता.

गिझर आजच बंद करावा आणि न्हाणीघराच्या बाहेर, मोकळी हवा असलेल्या जागी, जळालेला वायू थेट बाहेर सोडणाऱ्या धुराड्यासह बसवून घ्यावा. आतमध्ये एक्झॉस्ट पंखा बसवला की काम भागते, हा समज चुकीचा आहे. हवा आत येण्यास वाट नसेल, तर तोच पंखा धुराड्यातील वायू पुन्हा आत ओढतो. पुढे घरी नळाचा गॅस आला, तर सिलिंडरसाठीचा गिझर तसाच जोडू नये, कारण दोन्ही वायूंसाठी बर्नरच्या तोट्या वेगळ्या असतात.

प्रश्न : सिंधुदुर्गातील आमच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे. झावळ्या, नारळाची सोडणे आणि काटक्या घरच्याच असतात. आई-वडिलांना धुराचा त्रास होतो. सौर बंब घेतला तर पावसाळ्यात काय करावे?

उत्तर : कोकणात जून ते सप्टेंबर सौर बंबावर भिस्त ठेवता येत नाही, आणि ओल्या हवेमुळे वयस्कर माणसांना गरम पाण्याची गरज नेमकी त्याच महिन्यांत अधिक भासते. त्यामुळे आपल्या घरी हीट पंपाचा विचार करण्यास वरच्या पुण्याच्या वाचकांपेक्षा अधिक बळकट कारण आहे : हवा दमट आणि बाराही महिने उबदार असल्याने तो चांगला चालतो. त्यातून थंड हवा आणि पाण्याची धार सतत बाहेर पडते, म्हणून तो पडवीच्या कडेला, पाणी वाहून जाईल अशा ठिकाणी ठेवावा. घरात पाच-सहा माणसे कायम राहत असतील, तरच हा खर्च करावा. केवळ आई-वडील दोघेच असतील, तर छोटा विजेचा गिझर पुरेसा आहे.

बंब मोडीत काढू नये. पावसाळ्यात वीज दिवसदिवस जाते, तेव्हा तोच उपयोगी पडेल. घरचे जळण फुकट असले तरी त्याचा धूर फुकट नाही, म्हणून बंब न्हाणीघरातून बाहेर वळचणीखाली आणावा, मधल्या नळीतील काजळी आठवड्याला झाडावी आणि ओले जळण घालू नये, कारण धूर मुख्यतः त्यामुळेच होतो.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगर येथे आमच्या बंगल्यावर काचेच्या नळ्यांचा सौर बंब आहे. पाणी बोअरचे आहे. पहिली दोन वर्षे कढत पाणी येई, आता कोमटच येते. संच बदलावा का?

उत्तर : घाई करू नये. बोअरच्या जड पाण्यातील क्षार तापल्यावर खाली बसतात आणि नळ्यांच्या तळाशी त्यांचा थर साचतो. नळ्या काढून साफ करता येतात, त्यामुळे अशा पाण्यासाठी सपाट पत्र्याच्या संचापेक्षा हाच प्रकार बरा. सपाट संचाच्या बारीक तांब्याच्या नळ्या एकदा चोंदल्या की काम कठीण होते. सफाईच्या वेळी प्रत्येक नळीचे खालचे टोक पाहावे. आतला चकचकीत रुपेरी थर पांढुरका झाला असेल, तर त्या नळीतील उष्णता धरून ठेवणारी निर्वात पोकळी गेली आहे आणि तेवढीच नळी बदलावी. काचेवरील धूळ महिन्यातून एकदा पुसावी, पण भर उन्हात थंड पाणी ओतू नये, काच तडकते. सावलीही तपासावी. २१ डिसेंबरच्या दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो, त्यामुळे मे महिन्यात आड न येणारी दक्षिणेकडची टाकी किंवा वाढलेले झाड हिवाळ्यात सावली टाकते.

प्रश्न : केंद्राच्या सूर्यघर योजनेतील अनुदान सौर बंबाला मिळते का? गच्चीवर जागा थोडी आहे, वीज देणारी पॅनेल घ्यावीत की बंब?

उत्तर : २०२४ मध्ये सुरू झालेली ही योजना छतावरील सौर विजेसाठी आहे. दोन किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट व त्याहून मोठ्या संचाला कमाल ७८,००० रुपये, असे घरगुती अनुदान तिच्यात आहे. सौर बंब तिच्यात बसत नाही. बंब उन्हातील जवळजवळ अर्धी उष्णता पाण्यात उतरवतो, तर पॅनेल सुमारे एक पंचमांश ऊर्जेची वीज करते. मात्र त्या विजेवर हीट पंप चालवला तर ती तिप्पट होऊन दोघांची गाठ जवळपास पडते आणि गरम पाणी नको असेल तेव्हा तीच वीज इतर कामी येते. म्हणून जागा थोडी, कुटुंब मोठे आणि वीजबिल जास्त असेल, तर पॅनेल व हीट पंप ही जोडी मला अधिक पटते. हीट पंप अकरा ते तीन या वेळेत चालवावा. कुटुंब लहान असेल आणि वरचाच मजला असेल, तर १०० लिटरचा साधा बंब आजही सर्वांत सोपा. पुणे महापालिकेच्या हद्दीत सौर संचासाठी मिळकत करात सवलत मिळते, पण संच चालू स्थितीत असला पाहिजे; तेव्हा दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवाव्यात.