'मवाळ–जहाल' आणि 'मध्यममार्गी–पुरोगामी'

सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षातील दोन गटांच्या संघर्षावर भित्तिपत्रकाचा मजकूर लिहिताना त्या गटांना वर्तमानपत्रांप्रमाणे 'मध्यममार्गी' आणि 'पुरोगामी' म्हणावे, की मुलांना पाठ्यपुस्तकातून आधीच ओळखीचे असलेले 'मवाळ' आणि 'जहाल' हे शब्द वापरावेत. दोन्ही जोड्यांचा अर्थ एकच नव्हे काय?

अर्थ एकच नाही, आणि या दोन जोड्यांची सरमिसळ झाली तर इतिहासही चुकीचा शिकवला जाईल, असे मला वाटते.

'मवाळ' हा 'मऊ'च्या कुळातला शब्द आहे आणि 'जहाल' हा जिभेला कळणारा. काळे तिखट चमचाभर जास्त पडलेल्या आमटीचा पहिला भुरका घेतल्यावर आमचे आजोबा वाटी खाली ठेवून 'जहाल झालीय' एवढेच म्हणत, आणि तिला नावे न ठेवता त्याच आमटीत भाकरी कुस्करून जेवत. म्हणजे हे दोन्ही शब्द मुळात प्रकृतीचे आहेत. माणूस किती सौम्यपणे किंवा किती तीव्रतेने मागणी मांडतो, ते त्यांतून कळते. ती मागणी कोणत्या दिशेची आहे, हे त्यांतून कळत नाही. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली, तेव्हा मुख्य वाद होता तो स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या आदल्या वर्षीच्या कलकत्त्याच्या ठरावांवर पक्ष ठाम राहणार की नाही, आणि सरकारशी अर्ज-विनंत्यांनी बोलायचे की बहिष्काराने, याचा. परंतु याच काळातील सामाजिक प्रश्न घेतले, तर चित्र उलटे दिसते. मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्याला जहाल टिळकांचा विरोध होता, तर सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ साली मांडले ते मवाळ गोखल्यांनी. आज आपण ज्याला पुरोगामी म्हणतो, ते पाऊल मवाळाने उचलले होते. 'जहाल म्हणजे पुरोगामी' हे समीकरण इथेच कोसळते.

बाईंच्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले असणार, आणि हे त्यांचे भाग्यच म्हटले पाहिजे, कारण हाच सुरतेचा वाद त्या त्या भाषेत वेगळ्या नजरेने पाहिलेला आहे. तेलुगूत ते 'मितवादी' आणि 'अतिवादी' आहेत, म्हणजे तिथे माप मोजले गेले. हिंदी-उर्दूत 'नरम' आणि 'गरम'. कन्नडात मात्र ते 'मंदगामी' आणि 'तीव्रगामी' आहेत. रस्ता एकच, चाल निराळी. मला ही कन्नड जोडी सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते, कारण पक्षांतर्गत संघर्षाचा खरा प्रश्न तिच्यात नेमका सापडतो: हे लोक एकाच वाटेवर कमी-अधिक वेगाने चालले आहेत, की त्यांच्या वाटाच वेगळ्या आहेत?

अमेरिकेतील वाद नेमका याच प्रश्नावर अडलेला आहे. २०२० च्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षात झालेल्या लढतीत पुरोगामी गटाचे बर्नी सँडर्स सर्वांसाठी एकच सरकारी आरोग्यविमा मागत होते, तर मध्यममार्गी जो बायडन २०१० चा आरोग्यविषयक कायदा टिकवून त्यातच सरकारी विम्याचा पर्याय जोडू पाहत होते. बायडन यांच्या बाजूचे म्हणत की ध्येय एकच आहे, फक्त निवडणूक जिंकता येईल अशा बेताने पुढे जाऊ; सँडर्स यांच्या बाजूचे म्हणत की खासगी विमा तसाच ठेवायचा असेल, तर ही वाट वेगळीच आहे. इथे केवळ स्वभावाचा फरक नाही. म्हणून 'मवाळ–जहाल' इथे अपुरे पडते.

मग 'मध्यममार्गी–पुरोगामी' निर्दोष आहे काय? तेही पूर्णपणे नाही. मराठीत 'पुरोगामी'ची जोडी 'प्रतिगामी'शी लागलेली आहे. त्यामुळे 'मध्यममार्गी विरुद्ध पुरोगामी' असे लिहिताच मध्यममार्गी माणूस न बोलता प्रतिगाम्यांच्या रांगेत जाऊन बसतो. शिवाय महाराष्ट्रात हा शब्द फुले–शाहू–आंबेडकरांच्या परंपरेने भारलेला आहे. आपल्या कानाला त्यात आधी जातिनिर्मूलन आणि स्त्रीशिक्षण ऐकू येते, तर सँडर्स यांच्या प्रचारात भर होता तो विमा, वेतन आणि धनिकांवरील करांवर. 'मध्यममार्ग' या शब्दालाही स्वतःचे वजन आहे. तो बुद्धाचा शब्द आहे, आणि दोन टोकांची बेरीज करून तिला दोनाने भागणे असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. तरीही राजकीय अर्थाने तो आता रुळला आहे आणि वाचकाला कळतो. 'केंद्रवादी' हा पर्याय कोणी सुचवलाच, तर तो घेऊ नये, कारण आपल्याकडे 'केंद्र' म्हटले की दिल्लीचे सरकारच डोळ्यांपुढे उभे राहते.

शब्द कसे घर बदलतात, याचे एक उदाहरण वर्गात आवर्जून सांगण्यासारखे आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा, म्हणजे ब्रिटिश सरकारने देऊ केलेल्या राज्यकारभारातील सुधारणा, यांच्या प्रश्नावर १९१८ साली काँग्रेसमधून जे नेमस्त नेते बाहेर पडले, त्यांच्या लिबरल पक्षाला मराठीत 'प्रागतिक पक्ष' म्हणत. 'प्रागतिक' म्हणजे प्रगतीकडे जाणारा. म्हणजे आज ज्या अर्थाची पाटी डाव्या गटाच्या दारावर आहे, ती शंभर वर्षांपूर्वी मवाळांच्या दारावर होती. अमेरिकेतही १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी याच अर्थाच्या नावाचा पक्ष काढला, तो रिपब्लिकन पक्षातून फुटून.

तेव्हा भित्तिपत्रकासाठी माझी सूचना अशी आहे. शीर्षकात 'डेमोक्रॅटिक पक्षातील मध्यममार्गी आणि डावा गट' असे लिहावे, आणि पहिल्याच परिच्छेदात 'हा डावा गट स्वतःला पुरोगामी म्हणवतो' हे वाक्य घालावे, म्हणजे त्या गटाने स्वतःसाठी निवडलेले नावही त्याच्याकडेच राहील आणि निवाडा आपल्या लेखणीतून होणार नाही. 'गटबाजी' हा शब्द मात्र टाळावा. त्यातून केवळ पदांसाठीची ओढाताण सूचित होते, आणि इथे भांडण धोरणाचे आहे. फळ्याच्या एका कोपऱ्यात चारही भाषांतील जोड्या शेजारी शेजारी लिहिता आल्या, तर 'मंदगामी' या शब्दाचा अर्थ कन्नड बोलणाऱ्या मुलांनाच सांगायला लावावा.